ज्यांच्यावाचून अडतं त्यांची यादी

तेवीस वर्षं मी मुख्यतः एकाच वाक्याचा पगार घेतला. ‘या गृहस्थांवाचून काम अडेल.’ अर्थात इंग्रजीत, आणि सरकारी कागदाला शोभेल इतकं लांबवून. आमच्या इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी ‘नोकरीवर काहीतरी लिहा’ असा लकडा लावला तेव्हा मी म्हटलं, “अहो, मी नुसते फॉर्म भरायची.” त्या म्हणाल्या, “मग फॉर्मवर लिहा.” म्हणून हे.

मी सिंगापूरमध्ये पाणी शुद्ध करून पुढे ढकलणाऱ्या एका सरकारी खात्यात, कर्मचारी विभागात होते. खात्याचं नाव सांगत नाही. निवृत्त झाले तरी ती सवय सुटलेली नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. आपल्याकडे फौजेत जायचं तर पहाटे उठून भरतीच्या मैदानावर धावावं लागतं, छाती मोजून घ्यावी लागते, आणि तरी बहुतेकांना घरी पाठवतात. साताऱ्याकडच्या माझ्या मामांना दुसऱ्या खेपेला घेतलं, तेव्हा गावात पेढे वाटले होते. इथे उलट. इथे प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षं फौजेत काढावीच लागतात. आणि ती संपली म्हणजे सुटला असंही नाही. पुढे नोकरी लागते, लग्न होतं, पोट सुटतं, तरी दरवर्षी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, जुना गणवेश चढवून छावणीत हजर व्हायचं. याला सगळे ‘रिझर्व्हिस्ट’ म्हणतात. अशी साधारण दहा वर्षं, पण मधली काही सुटत ती चाळिशीपर्यंत लांबतात. तीच तुकडी, तेच सोबती. उद्या खरंच युद्ध पेटलं, तर याच बँकेतल्या कारकुनांची, टॅक्सीवाल्यांची आणि शाळामास्तरांची फौज उभी राहायची.

आता पंपावरचा माणूस छावणीत गेला तर पंप कोण चालवणार? तेव्हा खात्याने लिहून द्यायचं की हा आत्ता जाऊ शकत नाही, याला यंदापुरतं पुढे ढकला. निर्णय त्यांच्या कमांडरचा, कारण लिहिणं माझं. शांततेच्या काळातले हे अर्ज वर्षभर चालत. त्याशिवाय वर्षातून एकदा एक यादी निघायची. युद्ध झालं तरी ज्यांना लष्कराने बोलवायचं नाही, ज्यांनी पंपावरच राहायचं, अशांची. आमच्या विभागात तिला नुसतं ‘यादी’ म्हणत. ती फारशी लांब नसे, आणि ती करताना माझा हात जरा जड होई. पावसाळी छत्र्या वाटपाची यादी करणारी मीच, आणि युद्धात कोण कुठे असेल हे टाइप करणारीही मीच.

लोकांना वाटतं, यादीत नाव लागावं म्हणून सगळे माझ्या मागे लागत असतील. काही लागायचे. बुकित तिमाह भागातल्या एका गणपतीत ओळखीच्या बाईंनी मला प्रसादाच्या ताटासकट कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, “आमच्या चिरंजीवांचं काही करता येईल का हो? त्याला उन्हाचा फार त्रास होतो.” मी म्हटलं, “मला फक्त पंप चालवणाऱ्यांचं करता येतं.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला मुलगीच आहे, म्हणून तुम्हाला काही वाटत नाही.” खरं होतं ते. माझ्या घरी हा कागद कधी आलाच नाही. दुसऱ्यांच्या घरी जाणारे कागद मी भरत असे.

पण उलटेही नमुने भेटले. आमचे एक फोरमन होते, त्यांना मी दोनदा सवलत मिळवून दिली, तर ते तिसऱ्या वर्षी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, यंदा माझ्यासाठी इतकं चांगलं लिहू नका.” घरात जुळी मुलं आणि सासूबाई. छावणीत त्यांना वर्षातली एकमेव शांत झोप मिळायची. त्या वर्षी मी इतकं सपक कारण लिहिलं की कमांडरने एका दिवसात अर्ज फेटाळला. फोरमन परत आले ते टवटवीत होऊन.

आणि मिस्टर लिम. ते एका केंद्राचे व्यवस्थापक. त्यांच्या हाताखाली बारा माणसं. त्यांनी एका वर्षी अकरा जणांसाठी अर्ज पाठवले. सगळ्यांपुढे एकच मजकूर: यांच्यावाचून अडेल. मला हसू आलं, मी ते तसेच पुढे पाठवणार होते. दुसऱ्या दिवशी बारावा माणूस माझ्यापुढे उभा. आंग नावाचे स्टोअरकीपर, पन्नाशीच्या जवळ दिसणारे, पण वयाने चाळिशीच्या आतले. ते म्हणाले, “मॅडम, साहेबांनी अकरा जणांचं लिहिलंय असं ऐकलं. म्हणजे मी गेलो तर चालतं. मग मी रोज येतो कशाला?”

त्यांना सवलत नकोच होती. छावणीला जायला त्यांची ना नव्हती. त्यांना उत्तर हवं होतं. मी मिस्टर लिमना सगळे अर्ज परत पाठवले, ‘कारणं वेगवेगळी लिहा’ असा शेरा मारून. त्यानंतर अर्ज आले चार. त्या दिवशी मला कळलं की ज्याचं नाव फॉर्मवर नसतं, तोही तो फॉर्म वाचत असतो.

एवढं सगळं झाल्यावर आता सेल्वाचं सांगते. खरं म्हणजे त्याचंच सांगायचं आहे, बाकीचं सांगून मी धीर गोळा करत होते.

सेल्वा म्हणजे सेल्वराज. आमच्या सर्वांत जुन्या पंपिंग स्टेशनवरचा तंत्रज्ञ. उंच, सावळा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. तेव्हा असेल चौतीस-पस्तिशीचा. आमचं बोलणं इंग्रजीत, इथल्या इंग्रजीत. तिथे तू आणि तुम्ही एकच. पण मनातल्या मनात मी त्याला पहिल्यापासून ‘तू’च म्हणत आले, तेव्हा इथेही तसंच लिहिते.

त्या जुन्या स्टेशनवरून निघणाऱ्या पाइपलाइनीवर त्रेचाळीस व्हॉल्व्ह होते. वेगवेगळ्या काळात बसवलेले. साधा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो. त्यातले सात उलटे होते, डावीकडे फिरवले की बंद व्हायचे. कुठले सात, ते नकाशावर धड नव्हतं. शिवाय दोन असे होते की पूर्ण बंद करून अर्धा फेरा मागे घ्यायचा, नाहीतर पाणी आतल्या आत दणका मारी आणि लांब कुठेतरी पाइप फुटे. हे सगळं सेल्वाला एका म्हाताऱ्या ऑपरेटरने हाताला हात धरून शिकवलं होतं. म्हातारा वारला. आता ते फक्त सेल्वाच्या हातात होतं.

तेव्हा मी त्याचं नाव यादीत घातलं. एकमताने. मिस्टर लिमसुद्धा म्हणाले, हा खरा.

पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी तो आला. टेबलावर पत्र ठेवलं, नीट घडी घातलेलं.

“मॅडम, माझं नाव काढा.”

मला वाटलं, समजण्यात चूक झाली असेल. मी म्हटलं, “अरे, ही शिक्षा नाही. युद्ध झालं तर तुला इथेच राहायचंय. तुझ्या बायकोला विचार, ती पेढे वाटेल.”

“तिला सांगितलंच नाहीये.” मग माझ्या खांद्याकडे बघत तो म्हणाला, “फौजेतल्या आमच्या सेक्शनमध्ये आम्ही सात जण आहोत. आठ वर्षं झाली. मी त्यांचा सार्जंट आहे. या यादीत नाव आलं की मला त्या तुकडीतून काढतात, छावणीलाही बोलवत नाहीत. उद्या काही झालं, तर ते सहा जण तिकडे, आणि मी इथे पाण्याचं चाक फिरवतोय.”

“पण पाणी नसेल तर तेही...”

“ते मला कळतं, मॅडम. डोक्याला कळतं.”

मी नियम सांगितला. ज्याच्या कामाला दुसरा माणूस नाही, त्याचं नाव काढता येत नाही. तो उठला, पत्र खिशात घातलं, थँक्यू म्हणाला आणि गेला. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी जेवताना मी अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो जहाजावर मरीन इंजिनिअर होता, त्या वेळी सुट्टीवर आलेला. आमटी वाढून घेत तो म्हणाला, “चूक तुमच्या खात्याची आहे. जहाजावर एखादी गोष्ट एकट्यालाच माहीत असली, तर चीफ त्या माणसाचं कौतुक नाही करत, त्याला फैलावर घेतो. शिकवायला सांगा की त्याला दुसऱ्या कुणाला.”

इतकं सोपं. मला सुचलं नव्हतं. सकाळी मी सेल्वाला फोन केला. “तुला नाव काढून हवंय ना? मग दोन माणसं तयार कर. तुझ्याइतकी. ज्या दिवशी तू नसताना ती दोघं सगळी लाइन बंद करून पुन्हा सुरू करतील, त्या दिवशी मी नाव काढते.”

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नक्की, मॅडम?”

“नक्की.”

त्याने चौदा महिने शिकवलं. फैझल आणि चोंग अशी दोन पोरगेली माणसं त्याला दिली होती. ती दोघं सुरुवातीला वैतागायची. सेल्वा त्यांच्या डोळ्यांवर गमछा बांधायचा आणि व्हॉल्व्हचं चाक नुसतं हाताने चाचपून नंबर ओळखायला लावायचा. फैझल मला एकदा म्हणाला, “मॅडम, लष्करात बरं होतं.” पण शिकले. मी स्वतः हेल्मेट घालून चाचणी बघायला गेले होते. सेल्वाला मुद्दाम बाहेर, चहाच्या टपरीवर, आमच्या भाषेत कॉफीशॉपवर बसवलं होतं. दोघांनी सगळी लाइन बंद केली, उघडली, काही फुटलं नाही. मी बाहेर जाऊन त्याला अंगठा दाखवला, तेव्हा त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

मग मी माझ्या टेबलाशी बसून त्याच्या फाइलीत लिहिलं: ‘श्री. सेल्वराज यांच्या अनुपस्थितीत काम अडत नाही.’ सही केली. मला फार बरं वाटलं होतं. तेवीस वर्षांत ते वाक्य मी असं आनंदाने एकदाच लिहिलं.

त्या वर्षी तो छावणीला गेला. परत आल्यावर माझ्यासाठी लष्करी बिस्किटांचं एक पाकीट घेऊन आला. दगडासारखी बिस्किटं. मी विचारलं, “कसं झालं?” तो म्हणाला, “झालं, मॅडम. फार ऊन होतं.” बस, एवढंच.

पुढच्या वर्षी खात्याची फेररचना निघाली. जुनं स्टेशन हळूहळू बंद करायचं होतं. तीन तंत्रज्ञ कशाला, दोन पुरेत. तिघांत सर्वांत जास्त पगार सेल्वाचा, कारण त्याची नोकरी सर्वांत जुनी. आणि त्याला जाऊ देता येईल याला पुरावा? तो फाइलीतच होता. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने.

मी वरच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, ते वाक्य वेगळ्या कामासाठी लिहिलं होतं. त्याने स्वतःहून शिकवलं, त्याचं हे फळ देऊ नका. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने फाइल माझ्याकडे वळवली आणि विचारलं, “हे खोटं लिहिलं होतंत का?”

“नाही.”

“मग?”

मी तिथून उठले. त्यानंतर मी सेल्वाला कामावरून कमी केल्याचं पत्र देण्याच्या बैठकीला न जाण्याची खटपट करायला हवी होती, की जायला हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी गेले. कर्मचारी विभागाचं कुणीतरी लागतंच. सेल्वाने पत्र वाचलं. सोबत जोडलेल्या कागदांची पानं उलटली, आणि एका पानावर थांबला.

“हे तुमचं अक्षर आहे, मॅडम.”

“हो.”

त्याने मान हलवली. राग नव्हता. असता तर मी तो घेतला असता. “बरोबरच लिहिलंय,” तो म्हणाला. “दोघं चांगले तयार झालेत.” आणि सही केली.

त्याला नियमाप्रमाणे भरपाई मिळाली. काही महिन्यांनी कळलं की बुकित तिमाहच्या एका काँडोमध्ये, म्हणजे खाजगी निवासी संकुलात, तो देखभालीचं काम बघतो: लिफ्ट, गळके नळ, पोहण्याच्या तलावाचा पंप. मी एकदा फोन हातात घेऊन ठेवून दिला. अविनाशने ते बघितलं. तो म्हणाला, “सल्ला माझा होता.” मी म्हटलं, “सही माझी होती.” त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग साथ आली.

इतकी वर्षं आम्ही युद्धाची यादी करत होतो. बाँब, रसद, सायरन, सगळ्याचा विचार त्यात होता. आणि आलं ते असं की कुणी कुठे जायचंच नाही, सगळ्यांनी घरी बसायचं. सरकारने ठरवलं की काही मोजक्या कामांवरचीच माणसं बाहेर पडतील. पुन्हा यादी. या वेळी ती मी आंग मो किओ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून केली. पलीकडच्या खोलीत लेकीची ऑनलाइन मीटिंग, मध्येच तिचं “कॅन लाह, कॅन”, म्हणजे ‘जमेल हो, जमेल’, ऐकू यायचं.

जुनं स्टेशन बंद करायचं म्हणून ठरलं होतं, पण ते काही बंद झालेलं नव्हतं. सरकारी कामं ठरतात लवकर आणि होतात सावकाश. चोंग मधल्या काळात जास्त पगारावर दुसरीकडे, देशाबाहेर निघून गेला होता. त्याची जागा भरलीच नव्हती. राहिला फैझल. आणि एप्रिलमधल्या एका सकाळी स्टेशनच्या इंजिनिअरचा मला फोन आला. तरुण मुलगी, आवाज कापरा.

“मॅडम, फैझलला ताप होता, काल नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. त्याला बोलताही येत नाहीये, ऑक्सिजन लावलाय. आणि मोठ्या लाइनवर गळती आहे. वाढतेय. लाइन बंद करून दुरुस्त करावी लागेल.”

“त्याने लिहून ठेवलेलं असेल ना?”

“आहे, मॅडम. व्हॉल्व्हचे नंबर आहेत, दिशा आहेत. पण पाच नंबरचं चाक मी फिरवायला गेले, तर ते मध्येच अडलं. आणखी जोर लावायचा की थांबायचं, ते यात नाही. चुकलं तर दुसरीकडे फुटेल. त्या लाइनवर लाखभर माणसं आहेत, सगळी घरात.”

मी म्हटलं, काही करू नकोस, अर्धा तास दे. साहेबांना फोन केला. साहेब आता दुसरे होते. म्हणाले, “कुणी आहे का?” मी म्हटलं, “एक आहे. त्याला आपण काढलं होतं.” ते म्हणाले, “विचारून बघा.”

सात वर्षांनी मी सेल्वाचा नंबर लावला. नंबर बदललेला नव्हता.

“मॅडम?” मी ‘सेल्वा’ म्हणताच त्याने ओळखलं.

मी सगळं सांगितलं. न थांबता, कारण थांबले असते तर दुसरंच काहीतरी बोलले असते. पलीकडे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता, बहुधा त्याच्या त्या तलावाचा.

“पाच नंबर अडलाय?” एवढंच त्याने विचारलं. “तिला सांगा, हात लावू नको. ते अडलेलं नसतं, ते तसंच असतं.” मग म्हणाला, “आमच्या कंपनीला पत्र लागेल, मॅडम. माझं नाव इथल्या यादीत आहे, ते मला असं सोडणार नाहीत.”

“पत्र मी आत्ता पाठवते.”

तो हसला. छोटंसं. “म्हणजे परत माझ्यावाचून अडलं?”

मी लॅपटॉप पुढे ओढला. तो म्हणाला, “गंमत केली, मॅडम. पाठवा पत्र. मी निघतो.”

तो नऊ दिवस तिथे जात होता. त्या मुलीला शेजारी उभं करून, तोंडाला मास्क, दोन हात अंतर ठेवून, त्याने लाइन बंद केली, गळती काढून घेतली, लाइन सुरू केली, आणि राहिलेल्या दिवसांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस व्हॉल्व्हवरून तिचे हात फिरवून घेतले. काही फुटलं नाही. कुणाच्या नळाचं पाणी तासभरापलीकडे गेलं नाही. पेपरात एक ओळ आली नाही, कारण नळाला पाणी आलं याची बातमी होत नसते. फैझल तीन आठवड्यांनी चालत घरी गेला.

खात्याने सेल्वाला कंत्राटावर परत घ्यायची तयारी दाखवली. त्याने नाही म्हटलं. काँडोतली माणसं त्याला नावाने ओळखतात, म्हणाला.

निर्बंध उठले आणि माणसं पुन्हा एका टेबलाला बसायला लागली, तेव्हा मी त्याला कॉफीला बोलावलं. आंग मो किओच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांत. मला त्याची माफी मागायची होती, आणि ती फोनवर मागायची नव्हती. मी मनात सगळं जुळवून आले होते. तो आला, पण एकटा नाही. बरोबर एक गुटगुटीत, सतत हसणारा चिनी माणूस, चाळिशी उलटलेला.

“हा वेंग,” सेल्वा म्हणाला. “माझ्या सेक्शनमधला. तुम्हाला भेटायचंय म्हणाला.”

मी मनातून जरा खट्टू झाले. तिऱ्हाइतापुढे कसं बोलणार? पण आता नाही तर कधीच नाही असं वाटलं, आणि मी सुरुवात केली. म्हटलं, सेल्वा, त्या वेळी मी तुला म्हटलं की दोन माणसं तयार कर. पुढे काय होईल त्याचा मी विचार करायला हवा होता. ते माझं काम होतं. तुझं नव्हतं.

सेल्वा माझ्या खांद्याकडे बघत होता. “कॉफी गार होतेय, मॅडम,” तो म्हणाला.

वेंग आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने सेल्वाला विचारलं, “तू यांना सांगितलंच नाहीस?”

“कशाला?”

“आय्यो, हा माणूस!” वेंग माझ्याकडे वळला. “मॅडम, ज्या वर्षी हा परत छावणीला आला ना, त्या वर्षी आम्हाला लांबचा मार्च होता. पाठीवर पूर्ण ओझं, डोक्यावर ऊन. मी आमच्यातला विदूषक. सारखा काहीतरी बडबडायचो. त्या दिवशी मी रांग सोडून बाजूला चालायला लागलो आणि माझ्या आईशी बोलायला लागलो. आई तिथे कुठली? सगळे हसले. वेंगची गंमत चाललीय. कमांडरसुद्धा हसला.”

पहिल्यांदाच त्याचा चेहरा हसरा नव्हता.

“हा हसला नाही. हा आठ वर्षं माझ्या मागे चालला होता. याला माझी गंमत कशी असते ते माहीत होतं. याने मला धरून खाली पाडलं, शर्ट फाडला, सगळ्यांच्या बाटल्या माझ्या अंगावर ओतल्या, आणि डॉक्टरच्या नावाने इतका ओरडला की याचा घसा चार दिवस बसला होता. उष्माघात. आतून शिजत होतो मी. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता, तर...” त्याने हात उलटा केला. “याच्या जागी नवा माणूस असता ना मॅडम, तर तोही हसला असता. त्याची चूक नसती.”

आजूबाजूला ताटल्यांचे आवाज चालू होते. मी सेल्वाला म्हटलं, “अरे, तू बिस्किटं घेऊन आलास तेव्हा म्हणालास, फार ऊन होतं. एवढंच!”

“होतंच ना ऊन,” तो म्हणाला.

“मग त्या बैठकीत तरी? पत्र देताना? तेव्हा का नाही बोललास?”

त्याने जरा विचार केला. “तेव्हा बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, मी नोकरी परत मागतोय. आणि तुमच्या हातात ती नव्हती. उगाच तुमच्या जिवाला घोर.” मग, पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून, “नोकरी गेली तेव्हा वाईट वाटलं, मॅडम. खोटं नाही सांगत. दोन वर्षं फार वाईट गेली. बायको अजून तुमचं नाव काढू देत नाही. पण तुम्ही विचाराल, पुन्हा यादीतून नाव काढून घेशील का, तर घेईन.”

मी जुळवून आणलेलं सगळं विसरले होते. अर्धवट राहिलेली माफी तशीच तोंडात होती. ती त्याला नको होती की माझ्याजवळच राहू द्यायची होती, कोण जाणे. मी ती अजून पुरती मागितलेली नाही.

“मॅडम, कॉफी गार झाली, दुसरी आणतो,” म्हणत वेंग उठला, खिसे चाचपत, वाटेत कुणाच्या तरी पोराच्या डोक्यावर टपली मारत, गर्दीतून दुकानाकडे निघाला. जरा फेंगडा चालतो तो, डावा पाय बाहेर टाकून. मी सेल्वाकडे बघितलं, तर तोही त्याच्या पाठीकडेच बघत होता. दुकानाशी रांग होती. तीन कप घेऊन वेंग परत फिरेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.